टोपीवाल्याची सहावी चौकट

६ जानेवारी

टिल्लू,

सहा फुटी माणसाला कुणी टिल्लू म्हणतं का, असं तू मला दर वेळी विचारतोस. मी म्हणते. तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तू उशीएवढा होतास आणि माझ्या डोळ्यांनी ते अजून मनावर घेतलेलं नाही.

पत्ता तुझ्या वर्कशॉपमधल्या चष्मेवाल्या दोस्ताकडून मिळाला. आधी तो म्हणाला, मला माहीत नाही. मग मी त्याच्या टेबलासमोर स्टूल ओढून बसले, डबा उघडला आणि म्हटलं, आठवेल सावकाश, मला घाई नाही. अर्ध्या पोळीत आठवलं त्याला.

त्याच्याकडूनच बाकीचंही कळलं. तुमची लिफ्टची कंपनी चार मेकॅनिक परदेशी पाठवते आहे, त्यात तू आहेस, अठ्ठावीस फेब्रुवारीला निघायचं आणि तीन वर्षं परतायचं नाही. आणि मंगळवार-शुक्रवारचा तुझा ओव्हरटाइम हा ओव्हरटाइम नव्हताच. तू कंपनीच्या शेडमध्ये इंग्रजीच्या वर्गाला बसत होतास. अरे, ज्याच्या सख्ख्या बहिणीनं अकरा वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवलं, त्यानं इंग्रजीसाठी चोरून शेडमध्ये जावं? मला हसू आलं. मग आठवलं की लहानपणी तुला शिकवायला बसायची तेव्हा माझ्या हातात फूटपट्टी असायची. तेव्हा हसू गेलं.

पण एवढ्यासाठी कुणी घर सोडून जात नाही. तू एका शुक्रवारी आलास, ‘बदली झाली’ म्हणालास, बॅग भरलीस, आणि माझ्याकडे न बघता किल्ली टेबलावर ठेवलीस. का गेलास ते मला माहीत नाही. काही गैरसमज झाला असेल तर सांग.

आप्पांना अजून बदलीच वाटते आहे. शेजारी ते बढती म्हणून सांगतात. वय वर्षं एक्याऐंशी. त्यात तीन मिळवून बघ. ही बेरीज मला कागदावर करायला लावू नकोस. जायच्या आधी एकदा घरी ये.

ताई


१७ जानेवारी

टिल्लू,

उत्तर नाही. ठीक आहे. तोंडाला कुलूप लावण्यात तू पहिल्यापासून पटाईत आहेस.

मागच्या पत्रात मी लिहिलं की तू का गेलास ते मला माहीत नाही. मला माहीत आहे. ख्रिसमसच्या सुट्टीआधीपासून माहीत आहे. आता नीट सांगते, मध्ये थांबले तर परत सुरू करणार नाही.

टोपीवाला कसा सुरू झाला ते तुला ठाऊक आहे. वाचनालयाच्या वरच्या खोलीत बालवाडीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेली माझी मंडळी: ड्रायव्हर, दवाखान्यातली आया, इस्त्रीवाल्या मावशी, दोन वॉचमन. पुस्तकातली वाक्यं त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. ‘मुलगी सफरचंद खात आहे.’ खाऊ दे, आम्हाला काय. एक दिवस वैतागून मी फळ्यावर माणूस काढला. डोक्यावर लोकरीची टोपी, लांब नाक, बसच्या मागे धावतोय. तीन महिने ज्या ड्रायव्हरनं तोंड उघडलं नव्हतं तो मागून ओरडला, ‘ही इज रनिंग.’ मग म्हणाला, ‘बाई, बस मिळते का त्याला?’

तेव्हापासून सहा चौकटींचं कॉमिक. पाच फुग्यांत मी वाक्यं लिहायची, सहावा फुगा रिकामा, तो त्यांनी भरायचा. माणसं व्याकरणासाठी येईनाशी झाली, टोपीवाल्याचं पुढे काय झालं ते बघायला येऊ लागली. व्याकरण वाटेत अंगाला चिकटत गेलं.

तो टोपीवाला तू होतास हे आपण कधी लपवलं नाही. तापात गेलेले केस धड परत आले नाहीत म्हणून तू टोपी घालतोस, ती टोपी. पाहुण्यांना आणायला जाऊन दुसऱ्याच पाहुण्यांना घरी घेऊन आलास, ते कॉमिक. भलत्याच लग्नात तासभर बसून, जेवून, आहेर देऊन आलास, ते कॉमिक. शेजाऱ्यांची बेल दुरुस्त केलीस आणि ती आपल्या घरात वाजायला लागली, ते तर दोन पानांचं. तू सगळी पाहायचास. ‘ताई, माझं नाक एवढं आहे का गं?’ म्हणायचास आणि एक प्रत खिशात घालून वर्कशॉपमध्ये दाखवायला न्यायचास.

एकच तुला दाखवलं नव्हतं.

आमचे वर्ग चालवणाऱ्या संस्थेला भूतकाळ शिकवण्यासाठी नवीन कॉमिक हवं होतं. मी काढलं. टोपीवाला बायकोची बॅग उचलून तिला बसस्टँडवर सोडायला जातो. तिला चांगली जागा मिळवून देतो. ती चार दिवस माहेरी चालली आहे असं त्याला वाटतंय. वाचणाऱ्याला दिसतंय की बॅग चार दिवसांची नाही, तिच्यात घरातलं घड्याळसुद्धा आहे. पाचव्या चौकटीत बस निघते. सहाव्या चौकटीत तो एकटा, हात वर, फुगा रिकामा. वर्गात त्या दिवशी जेवढा हशा झाला तेवढा कधी झाला नव्हता. संस्थेनं ते अकरा केंद्रांना पाठवलं. त्यातलं एक तुमची शेड होतं. यादी माझ्याकडे आली होती, पण मला कुठे ठाऊक होतं की त्या शेडमध्ये तू बसतोस.

तुमच्या शेडमधल्या मास्तरांनी मला सगळं सांगितलं. तू माझा कोण ते त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे मोकळेपणानं सांगितलं. म्हणाले, ‘एक टोपीवाला आमच्या वर्गातही होता, सगळे त्याला चिडवत होते, हा बघ तुझाच फोटो. तोही हसत होता हो. मग म्हणाला, सर, शेवटचं मनानं लिहायचं का? म्हटलं, हो, मनानंच.’

केंद्रांचे कागद तपासायला माझ्याकडेच येतात. नावं नसतात, नंबर असतात. तुझा एकतीस. तू इंग्रजी अक्षरं नकाशावर लिहितात तशी, सुटी आणि सरळ काढतोस, हे मला माहीत असायला हवं होतं. पण मोठेपणीचं तुझं इंग्रजी मी कधी पाहिलंच नव्हतं. इतरांनी फुग्यात लिहिलं होतं, येताना बटाटे आण. लिहिलं होतं, आता मी रोज क्रिकेट बघणार. तू लिहिलंस, ‘शी इज कमिंग ऑन फ्रायडे.’

मी दहापैकी तीन दिले. आणि लाल पेननं समासात लिहिलं: ‘चित्र नीट पाहा. ती परत येणार नाही.’

मास्तर म्हणाले, तू तो कागद वाचलास, घडी घातलीस, त्यांच्या टेबलावर ठेवलास आणि गेलास. परत वर्गाला आला नाहीस. न नेलेले कागद माझ्याकडे परत येतात, तसा तो आला, घडीसकट. आता माझ्या कपाटात आहे. फाडता येत नाही आणि बघवतही नाही.

आप्पा बरे आहेत. तुझी खोली झाडून घे म्हणून रोज मला सांगतात.

ताई


२९ जानेवारी

टिल्लू,

तू वाचतोस की नाही ते कळत नाही, पण पत्र परत आलेलं नाही, म्हणजे कुठेतरी पडून तरी आहे.

बारा दिवस मी एकच काम केलं. ते कॉमिक गोळा केलं. नोकरीतून आल्यावर रोज एक केंद्र. झेरॉक्सची झेरॉक्स निघालेली, कुठे टोपी नुसता काळा डाग झालेली, कुठे तुझा हातच कापला गेलेला. सूतगिरणीच्या केंद्रावर एका बाईनं ते स्वयंपाकघरात ओट्याच्या वर चिकटवलं होतं. भूतकाळ पाठ व्हावा म्हणून. मी तिच्या घरी जाऊन ते मागितलं तर तिला वाटलं परीक्षा आहे. नऊ केंद्रांचे परत मिळाले. दोन केंद्रांवर सांगितलं, शिकणाऱ्यांनी घरी नेले, आता कुठे शोधणार.

संस्थेच्या संचालकबाईंकडे गेले. म्हटलं, हे काढून टाका, संस्थेच्या नव्या पुस्तकात घेऊ नका. त्या म्हणाल्या, ‘अहो, काय बोलताय? सगळ्यांत चांगलं तेच उतरलंय. ते वाचून पोरं भूतकाळ विसरूच शकत नाहीत.’ आणि खरं सांगू का, क्षणभर माझी मान ताठ झाली. लगेच खाली गेली, पण झाली होती. तुला हे सांगायची गरज नव्हती. तरी सांगितलं.

शेवटी मी म्हटलं, तो माझा भाऊ आहे. तेव्हा बाईंनी ते पान काढलं. माझ्यासाठी पाणी मागवलं.

मग वर्गालाही सांगितलं. सांगणं भाग होतं, मंडळी विचारत होती की टोपीवाला कुठे गेला. मी सांगितलं की तो खरा आहे, लिफ्ट दुरुस्त करतो, आणि बसस्टँडवर त्याच्या बाबतीत खरंच तसं झालं. ड्रायव्हर बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसला. मग म्हणाला, ‘मग बाई, आम्ही जे हसलो ते?’

‘तुमचा काय दोष,’ मी म्हटलं.

आया म्हणाली, ‘मी बटाटे आण लिहिलं होतं. तुम्ही मला दहापैकी नऊ दिलेत.’

इस्त्रीवाल्या मावशी कधी बोलत नाहीत. वर्गात सगळ्यांत पुढे बसतात आणि सगळ्यांत शेवटी लिहितात. त्या म्हणाल्या, ‘मला नव्हतं हसू आलं. पण सगळे हसत होते, मला वाटलं इंग्रजीत ते हसायचं असतं.’

त्या दिवशी आम्ही पुस्तकातलं सफरचंदच घेतलं. चार जण लवकर उठून गेले.

टिल्लू, एक समजून घे. तू मला ते सगळं सांगितलंस त्यानंतर चार महिन्यांनी मी ते काढलं. संस्थेची घाई होती, दुसऱ्या दिवशी पान द्यायचं होतं, डोकं चालत नव्हतं, आणि जे समोर आलं ते हातातून उतरलं. थकलेल्या माणसाकडून होते तशी चूक. जाणूनबुजून नव्हतं.

आप्पांनी तुझ्या हत्यारांच्या पेटीला तेल दिलंय. तू ती इथेच टाकून गेलास. पाने-स्क्रूड्रायव्हर पुसून ओळीनं लावलेत. परदेशात दुसऱ्याची हत्यारं हाताला बसत नाहीत, म्हणतात. न्यायला ये.

ताई


५ फेब्रुवारी

टिल्लू,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमननं दारात दिलं आणि मी तिथेच उभी राहून वाचलं. मग आत येऊन परत वाचलं. इतकं मोठं नव्हतं ते.

‘ताई, पत्रं वाचली. एकच विचारतो. मी तुला सांगत होतो, त्या दिवशी, तेव्हाच तुझ्या डोक्यात चित्र आलं होतं का? हो किंवा नाही लिही. मग बघू.’

नाही.

नाही रे. कसं येईल? तू समोर रडत होतास. तुला मी रडताना दोनदाच पाहिलं आहे, एकदा आई गेली तेव्हा आणि एकदा तेव्हा. बहिणीला अशा वेळी चित्रं सुचतात का? मी नुसती ऐकत होते. चित्राचं सगळं नंतरचं, चार महिन्यांनंतरचं, मी मागे लिहिलं तसंच. तुझा माझ्यावर विश्वास नसेल तर संस्थेत विचार, त्यांनी मला कधी कळवलं त्याची तारीख आहे त्यांच्याकडे.

नाही. बस, एवढंच उत्तर.

आप्पांना तुझं कार्ड दाखवलं नाही, फक्त आलं म्हणून सांगितलं. ते म्हणाले, काय म्हणतोय? मी म्हटलं, बरा आहे. त्यावर ते खूष होऊन दाढी करायला गेले.

ताई


१३ फेब्रुवारी

टिल्लू,

तुझं पत्र काल आलं. या वेळी पाकीट, आत चक्क दोन पानं. मी आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं, मधला एक परिच्छेद सोडून.

तू रविवारी अकराच्या गाडीनं येतोयस. दोन दिवस राहणार आहेस. आप्पांनी लगेच न्हाव्याला घरी बोलावलं, मग स्वतः बाजारात जाऊन तुझ्यासाठी नवी टोपी आणली, ती तिथे थंडी असते म्हणून कानांवरून खाली येणारी. तुला ती मोठी होईल असं मी म्हटलं तर म्हणाले, तुला काय कळतं त्याच्या डोक्यातलं.

सोडलेला परिच्छेद हा: ‘तू नाही म्हणालीस, मग माझं काही म्हणणं नाही. चित्राचं मला एवढं नव्हतं गं, लोक हसले त्याचंही नव्हतं, हसण्यासारखंच होतं ते. मला फक्त असं वाटत राहिलं होतं की मी बोलत होतो आणि तू ऐकत नव्हतीस. तेवढंच लागलं होतं. आता नाही.’

मी हा परिच्छेद दिवसभरात किती वेळा वाचला ते सांगत नाही. आज कामावर रजा टाकली. सकाळपासून तुझी खोली आवरतेय, आणि आवरता आवरता माझ्या लक्षात आलं की तू रविवारी दारात कसा उभा राहशील, चौकटीला डोकं लागू नये म्हणून कसा वाकशील, आप्पा टोपी घेऊन कसे पुढे होतील, हे सगळं मी आधीच बघतेय. सहा भागांत. मी खाली बसले.

टिल्लू, मी खोटं लिहिलं.

दुपारचे दोन वाजले होते. मी वाळलेले कपडे घडी करत होते आणि तू स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सांगायला लागलास. टोपी हातात होती तुझ्या. तू टोपी कुणासमोर काढत नाहीस. मी घड्या थांबवल्या. एवढं खरं आहे, थांबवल्या.

मग मी विचारलं, बॅग कुठल्या हातात होती. तू म्हणालास उजव्या, डाव्यात तिची पाण्याची बाटली होती. मी विचारलं, जड होती का. तू म्हणालास, खूप, मी तिला म्हटलं पण, माहेरी दगड नेतेस का, आणि ती हसली. मी विचारलं, हसली? कशी? तू विचार करून सांगितलंस, खाली बघून. मी विचारलं, खिडकीची जागा मिळाली का तिला. तू म्हणालास, मीच आधी चढून धरून ठेवली होती. मी विचारलं, तू हात हलवलास का. तू म्हणालास, बस वळेपर्यंत. मी विचारलं, आणि ती?

तू गप्प झालास. बराच वेळ. टोपीची लोकर ओढत राहिलास. आणि तिथे मला सुचलं की शेवटचा फुगा रिकामा ठेवायचा. त्याआधी मी सगळेच फुगे भरायची. रिकाम्या फुग्याची जी युक्ती संस्थेनं अकरा केंद्रांत नेली, जिच्यासाठी मला शाल दिली, ती मला तू गप्प झालास तेव्हा सुचली. जानेवारीतल्या पत्रात मी लिहिलं की पहिल्यापासून असंच होतं. नव्हतं. मी तेही जुळवून घेतलं.

चार महिन्यांनी काढलं ते खरं आहे. पण तेव्हा काढायला बसले तर एकदाही खोडरबर लागला नाही. सगळं तयार होतं.

तू त्या दिवशी डोळे पुसलेस आणि काय म्हणालास ते तुला आठवत नसेल. मला आठवतं. म्हणालास, ‘ताई, इतकं खोदून खोदून मला कुणी विचारलं नव्हतं गं. बरं वाटलं.’ आणि राहिलेल्या कपड्यांच्या घड्या तू करून दिल्यास.

मला तुझं वाईट वाटत होतं. तेही त्याच वेळी वाटत होतं. दोन्ही एकदम कसं होतं ते मला समजत नाही, आणि ते तू समजून घ्यावंस असं म्हणायला मला तोंड नाही.

हे पत्र शुक्रवारी तुझ्या हातात पडेल. रविवारपर्यंत थांबून समोरासमोर सांगता आलं असतं. पण मग तू आप्पांच्या शेजारी बसलेला असतास, ती टोपी डोक्यावर, आणि तुला उठून जाता आलं नसतं. मी तुला चांगली ओळखते, तू राहिला असतास. म्हणून आत्ताच लिहिते आणि स्वतः जाऊन टाकते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो आहे.

आप्पांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. ते रविवारी दहालाच तयार होऊन बसतील.

ताई